पाच ते साडेपाच

फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ काढत होतो. सुकलालचा मुलगा होता. "काका, बापू गेले," म्हणाला. मी त्याला म्हणालो, "थांब जरा, प्रिंट निघतोय." अजून मला त्याची लाज वाटते. कानावर शब्द पडले होते, पण आत पोचले नव्हते. प्रिंट निघाला, नवऱ्यामुलाच्या मामाचं नाव चुकलेलं दिसलं, मी ते पेनने गोल केलं आणि मग खाली बसलो. सुरतेच्या उधना भागातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात तेव्हा तीन गिऱ्हाईकं उभी होती. त्यांतल्या एकाने पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'पुरस्कारप्राप्त बालसाहित्यिक, मूळचे शिरपूर तालुक्यातले, सुरतेत यंत्रमाग कामगार, एक पुस्तक प्रकाशित.' एक पुस्तक! त्या 'एक'वर माझं बोट अडकलं ते आज दीड महिना झाला तरी तिथेच आहे. आणि आता सांगतो, त्या एकाबद्दल मला पेपरवाल्यांचा राग येत नाही. सुकलालचा येतो, आणि माझा येतो.

आम्ही एका गावचे, एका वर्गातले. मी दहावी पास होऊन टायपिंग शिकलो आणि सुकलाल नववी सोडून सुरतेला लूम चालवायला आला. त्याच्यामागे मी आलो. डिंडोलीत त्याची एक खोली होती, पहिलं वर्ष मी तिथेच पथारी टाकली. लूमच्या कारखान्याला इथे सगळे 'खातं' म्हणतात. सुकलाल बारा तास खात्यात उभा असायचा, आठ मशीनं एकटा सांभाळायचा, आणि त्या खटखटीत डोक्यात गोष्टी जुळवायचा. शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा बोटभर तुकडा. कापडाच्या ताक्याबरोबर ज्या चिठ्ठ्या येतात, त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचा. संध्याकाळी खोलीवर आला की त्याच्या खिशातून त्या चिठ्ठ्या निघायच्या आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्या एकेक करून गादीखाली सरळ करायला ठेवायची. मी दुकान टाकलं तेव्हा पहिला कागद त्याचाच टाइप केला. तेरा गोष्टी होत्या. बोबिनची चोरी करणारा उंदीर, लाइट गेल्यावर घाबरणारं मशीन, असल्या. मी त्याला न विचारता त्या पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवून दिल्या. विचारलं असतं तर त्याने पाठवू दिल्या नसत्या, म्हणाला असता, अजून एक हात फिरवतो. त्याचा हात फिरला नाही म्हणून ते पुस्तक निघालं. हे मला तेव्हा कळलं नाही, पण हे फार महत्त्वाचं आहे.

पुस्तकाला पुरस्कार मिळाला. आम्ही दोघं पुण्याला गेलो, सुकलालने माझा कोट घातला होता, तो खांद्यावर सैल होता. समारंभाचे अध्यक्ष चांगले गृहस्थ होते, पांढरे केस, गोड आवाज. ते भाषणात म्हणाले की, ज्या गोष्टीतून मूल मध्येच उठून जातं ती गोष्ट लेखकाने मुकाट्याने घरी न्यावी, ती अजून झालेली नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. सुकलाल शेजारी बसून पुढे झुकला होता, कारण तोवर त्याचे कान अर्धे गेले होते. लूमवर पंधरा वर्षं काढली की कान जातातच, त्यात नवल नाही. मला म्हणाला, "काय म्हनना तो?" मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ते वाक्य पुन्हा सांगितलं. मोठ्याने, स्पष्ट. मी नसतं सांगितलं तर... पण सांगितलं.

तेव्हा त्याचं मोठं पुस्तक लिहून झालेलं होतं. तीनशे पानं हाताने लिहिलेली, मी टाइप केली तेव्हा एकशे नव्वद भरली. जिजी नावाच्या मुलीची कादंबरी. आठवड्यातून एक दिवस लूमला वीज नसते, त्या दिवशी सगळी खाती बंद असतात. त्या दिवशी जिजी सकाळी उठते आणि तिला चुकल्यासारखं होतं. रोजची खटखट गेली कुठे? ती शोधायला निघते. गल्ली ओलांडते, रेल्वेचं फाटक ओलांडते, खाडी ओलांडते, सचिन गावातल्या कारखान्यांच्या भिंतींना कान लावते, आणि चालत चालत डुमसच्या समुद्रापर्यंत जाते. वाटेत तिला माणसं भेटतात. असं पुस्तक मराठीत लहान मुलांसाठी कुणी लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. मी काही मोठा वाचक नाही, पण टाइप करताना माझी बोटं थांबायची. टाइप करणाऱ्याची बोटं सहसा थांबत नाहीत.

मी म्हणालो, पाठवू या. तो म्हणाला, "नही. पहिले पोरेसले वाचीसन दखाडसू." आधी पोरांना वाचून दाखवीन. अध्यक्षांचं वाक्य त्याच्या डोक्यात बसलं होतं. मग त्याने नेम केला. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो घराच्या अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, सतरंजी टाकायचा. गल्लीतली पंधरा-वीस मुलं यायची. तो वाचायचा. स्वतःला नीट ऐकू यायचं नाही म्हणून मोठ्याने वाचायचा, आणि ओळीमागून ओळ वाचताना सारखी मान वर करून पोरांचे चेहरे बघायचा. शेजारी एक लांबट रजिस्टर. पहिलं मूल उठलं की तो त्या शब्दावर थांबायचा, त्याच्याखाली पेन्सिलीने ठिपका द्यायचा, रजिस्टरमध्ये नोंद करायचा आणि वाचन बंद. "झालं आजनं," म्हणून खाली उतरायचा. उरलेल्या मुलांनी कितीही ओरडा केला तरी पुढे वाचायचा नाही. त्याचं म्हणणं, एक उठलं म्हणजे गोष्ट मेली, मेलेली गोष्ट बाकीच्यांना कशाला ऐकवायची? मग आठवडाभर घासाघीस. आधीचा भाग कमी करायचा, म्हणजे मुलं कंटाळायच्या आत गोष्ट पुढे सरकेल. पुढच्या सुट्टीला पुन्हा पहिल्यापासून.

मी एकदा मुद्दाम दुकान बंद करून गेलो होतो. छान चाललं होतं. मुलं तोंड उघडी टाकून ऐकत होती, आणि एकाएकी दोन मोठ्या पोरी उठल्या, मग तिसरी. काही न बोलता, मान खाली घालून, चपला हातात घेऊन जिना उतरल्या. सुकलालने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो, उत्तरपत्रिका परत मिळालेल्या पोरासारखा. आणि मी शहाण्यासारखा काय बोललो? "जरा लांबतंय रे. थोडं कमी कर." हे मी बोललो, दुसरं कुणी नाही. नंतर अठरा वर्षं मी त्याला उलटं सांगत राहिलो, पण पहिला सल्ला माझाच.

एकशे नव्वदचे एकशे चाळीस झाले. मग एकशे दहा. मी अकरा वेळा ते पुस्तक टाइप केलं, आणि प्रत्येक वेळी जिजी थोडी कमी चालली. पाचव्या खेपेला समुद्र गेला, ती खाडीपर्यंतच जायला लागली. आठव्या खेपेला खाडी गेली, फाटकापाशी थांबायला लागली. मी भांडायचो. दुकानात गिऱ्हाईकांसमोर भांडायचो. "अरे, समुद्र का काढलास? अख्खं पुस्तक त्या समुद्रासाठी आहे!" तो शांतपणे रजिस्टर उघडायचा आणि दाखवायचा. "दख. कोकिळा उठली. फाटकापाशी. तुले नही समजाव." कोकिळा ही गल्लीतली एक मुलगी, नऊ-दहा वर्षांची. सुकलालच्या लेखी ती सगळ्यांत पक्की श्रोती. तिचे डोळे चमकतात तिथे गोष्ट जिवंत आहे, असं तो म्हणायचा. आणि नेमकी तीच पहिल्यांदा उठायची. रजिस्टरच्या पानापानावर तिचं नाव. 'कोकिळा उठली.' 'कोकिळा, मागून तिची बहीण.' एका ठिकाणी तर त्याने खाली लिहिलंय, 'पोरींना जिजीचं एकटं फिरणं रुचत नसावं.' हे वाचून मी डोक्याला हात लावला होता. पोरींसाठी लिहिलेलं पुस्तक, आणि पोरीच उठतात म्हणून हा पोरीचं फिरणंच कमी करतोय! मला विचारायचा, "पोरी काबर उठतस रे?" का उठतात? मी म्हणायचो, "पोरींना विचार ना." त्यावर तो मान हलवायचा. लेखकाने श्रोत्याला कारण विचारू नये, असं त्याचं तत्त्व होतं. विचारलं की मूल भिडेने खोटं बोलतं, उठलं की खरं बोलतं. कुठून आणायचा ही तत्त्वं, देव जाणे.

शेवटी एका सुट्टीला तो संध्याकाळी दुकानात आला. धाप लागलेली, तोवर दमाही लागला होता. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "पोरी शेवटलगून बठ्यात." शेवटपर्यंत बसल्या. एवढा आनंद मी त्याला पुरस्काराच्या वेळीसुद्धा झालेला पाहिला नव्हता. कोकिळाचं तोवर लग्न होऊन गेलं होतं, या दुसऱ्या पोरी होत्या. पुस्तक बावीस पानांचं झालं होतं, मोठ्या टाइपात. जिजी सकाळी उठते, खटखट शोधायला निघते, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाते, मागून आई हाक मारते, जिजी परत येते. संपलं. मी ते टाइप करून त्याच्या हातात दिलं आणि तीन महिने त्याच्याशी बोललो नाही. मग बोललो, कारण न बोलून राहवेना. पण पुस्तकाबद्दल पुन्हा कधी नाही.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी डिंडोलीला गेलो. माणसं जेवून गेली होती, मी त्याच्या खोलीत बसलो होतो. फळीवर रजिस्टर होतं. दोन दिवसांपूर्वी पुण्याच्या प्रकाशकाचा फोन आला होता, नवी पिढी आहे, बोलायला गोड. "काका, त्यांचं अप्रकाशित काही असेल तर काढू या," म्हणाला. मी बावीस पानं पाठवली. त्याचा परत फोन, "एवढंच? याचं पुस्तक नाही होणार, काका. चित्रं घालून काही करता आलं तर बघतो." त्या रागात मी बसलेलो. तेवढ्यात एक बाई आली, पस्तिशीची असेल, सोबत दहा वर्षांची मुलगी. वहिनीच्या गळ्यात पडून रडली. वहिनीने ओळख करून दिली, "ही कोकिळा. कडोदऱ्याला दिलीय." माझं डोकं सटकलं. मी रजिस्टर तिच्यापुढे आपटलं आणि म्हणालो, "तूच का ती कोकिळा? बघ, हे बघ, पानापानावर तुझं नाव आहे. एकशे नव्वद पानांचं पुस्तक तू बावीसवर आणलंस." मेलेल्याच्या घरी, भेटायला आलेल्या बाईला कुणी असं बोलतं? मी बोललो.

ती खाली बसली. रजिस्टर मांडीवर घेऊन पानं उलटायला लागली. 'कोकिळा उठली.' 'कोकिळा उठली.' मग म्हणाली, "काका, पाणी यायचं."

"कुठे पाणी यायचं?"

"नळाला. साडेपाचला. वीस मिनिटंच असायचं. आई खालून हंडा वाजवायची, मग आम्ही पोरी उतरायचो. नाही उतरलं तर मार बसायचा."

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय सांगतेय. आणि कळलं तेव्हा मी रजिस्टरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... पाचला वाचन सुरू. साडेपाचला पाणी. अठरा वर्षं! ज्याचे कान लूमने खाल्ले त्याला खालचा हंडा कुठून ऐकू येणार? आणि पोरी बापूंचा मान राखायचा म्हणून तोंडातून शब्द न काढता उतरायच्या. मुलगे बसून राहायचे, त्यांना कोण पाणी भरायला लावतंय? हा माणूस त्याच गल्लीत राहत होता. त्याच नळाचं पाणी पीत होता. चहा, आंघोळ, सगळं त्याच पाण्यावर. पण घरातला माठ कधी भरतो आणि कोण भरतं, हे त्याला उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं. पोरांच्या डोळ्यांतली चमक टिपणारा माणूस!

वहिनी दारात उभी होती. मी तिच्यावर घसरलो. "तुम्हाला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाही?"

वहिनी म्हणाली, "सांगितलं होतं, भाऊ. एकदा म्हटलं, पाणी येतं त्या वेळेला, नंतर वाचा. ते म्हणाले, पाण्याचं तू बघ. मग मी पाण्याचं बघितलं." पुढे म्हणाली, "आणि तुम्ही दोघं तासन्‌तास बोलायचात, पोरींना गोष्ट आवडत नाही म्हणून. मला वाटलं, तुम्ही लिहिणारे-वाचणारे, तुम्हाला खरं कारण ठाऊक असेल. मला कुणी विचारलं कधी?"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, तावातावाने, सुकलालच्या नावाने बोटं मोडत. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्याकडे किती वाजता यायचं पाणी, टाकी बसायच्या आधी?" मला सांगता आलं नाही. तिने निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली.

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी कॉम्प्युटर धुंडाळला. जुनी प्रत असेल, एकशे नव्वद पानांची, कुठेतरी असेलच. नाही. फाइल एकच होती, 'जिजी' नावाची, आणि अकराही वेळा मी तिच्यावरच नवं टाइप करून सेव्ह केलं होतं. पत्रिकांची सवय. लग्नाची तारीख बदलली की जुनी पत्रिका कोण ठेवतं? हाताने लिहिलेली पानं सुकलाल स्वतःच रद्दीत द्यायचा, म्हणायचा, एका घरात दोन जिजी नकोत. मुलांनी साडेपाचनंतरचं काही ऐकलंच नव्हतं, कारण तो पुढे वाचायचाच नाही. म्हणजे समुद्रापर्यंत गेलेली जिजी जगात फक्त दोन माणसांनी पाहिली होती. एक तो. दुसरा मी, आणि मी टायपिस्ट. हे लक्षात आलं तेव्हा मी शटर अर्धं ओढून घेतलं आणि आत बसून राहिलो. मला रडू आलं नाही, संताप आला. बावीस पानं घड्याळ लावून मोठ्याने वाचली. एकोणतीस मिनिटं भरली.

गेल्या रविवारी कोकिळाचा फोन आला. "काका, बापूंच्या घरी आलेय. याल का?" गेलो. ती अगाशीवर होती. तिथे आता प्लास्टिकच्या काळ्या टाक्या आहेत, खाली मोटर आहे, पाणी चोवीस तास. सतरंजी तीच, कडेला विरलेली. तिची मुलगी टाकीच्या सावलीत मोबाइल बघत बसली होती. ती गुजराती शाळेत जाते, बोलते मराठी, वाचत नाही. कोकिळाच्या मांडीवर रजिस्टर होतं, वहिनीने तिला दिलं म्हणे. मी म्हणालो, "त्या दिवशी मी जास्त बोललो."

ती म्हणाली, "मी परत यायची, काका. हंडे ठेवायची आणि पळत जिना चढायची. हात ओलेच असायचे. दर वेळी वाटायचं, आज थांबले असतील. वर कुणी नसायचं." तिने रजिस्टर मिटलं. "फाटकाच्या पुढे ती कुठे गेली? लग्न होऊन गेले तरी मला वाटायचं, पुस्तक येईल तेव्हा कळेल. तुम्ही टाइप केलंय ना? सांगा."

आता मी काय गोष्ट सांगणारा माणूस आहे? तरी बसलो. तिच्या मुलीने मोबाइल खाली ठेवला. मी सांगितलं की फाटकाच्या पलीकडे जिजीला लूमसाठी सुताच्या कांड्या भरणारी एक म्हातारी भेटते, तिच्या लुगड्याच्या घडीत दोऱ्याचे सातशे तुकडे असतात. की सातशे नव्हते, तीनशे होते? मग खाडी. खाडीच्या पुलावर एक आंधळा बसलेला असतो, त्याला आवाजावरून कळतं कुठलं खातं चालू आणि कुठलं बंद. जिजी त्याला विचारते, आज सगळी बंद आहेत, मग खटखट कुठे गेली? तो आंधळा हसतो. हसतो आणि तिचा हात धरून तिला एक गोष्ट सांगतो, फार सुंदर गोष्ट, मी टाइप करताना थांबलो होतो तिथे, बोटं कीबोर्डवर तशीच ठेवून थांबलो होतो, एवढं मला लख्ख आठवतं. काय सांगतो ते आठवत नाही.

मी डोळे मिटले. खाली कुणाच्या तरी घरात बादली भरत होती. समुद्र शेवटी आहे हे माहीत होतं, पण आंधळ्यापासून समुद्रापर्यंत जिजीला कसं न्यायचं ते मला येत नव्हतं. "एवढंच आठवतंय," मी म्हणालो. पाच वाजून पन्नास झाले होते.

कोकिळा उठली नाही.